बारा फाट्याची शाळा आणि कुशाबाई

कुशाबाईंना आमच्या वस्तीवर लहानथोर सगळे मावशीच म्हणत. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की कालव्याच्या बारा नंबरच्या फाट्यावर आमची वस्ती लागते. पस्तीसेक घरं. निम्मे ऊसवाले, निम्मे तरकारीवाले. वस्तीच्या तोंडाशीच जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, पहिली ते चौथी. त्या शाळेत कुशाबाईंनी वीसएक वर्षं पोरांना जेवण रांधून घातलं. मी त्यांच्या घरापासून चार घरं सोडून राहतो. पुढं जे सांगतोय त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, आणि त्यात एक वाक्य माझंही आहे.

त्यांचं माहेर भिगवणच्या खालच्या अंगाला होतं. उजनी धरणाचं पाणी आलं आणि गाव उठलं. तेव्हा त्या दुसरीत होत्या. त्या सांगायच्या, "गुरुजींनी एक दिवस कपाट, फळा आन् घंटा बैलगाडीत घातली. म्हणले, नव्या गावठाणात शाळा भरंल, तितं या. नव्या गावठाणात शाळा भरायला दोन वर्सं लागली. तवर माझ्या हातात शेरडं दिली व्हती." शाळा भरली तेव्हा त्या शेरडांमागं, आणि पंधराव्या वर्षी लग्न होऊन बारा फाट्यावर. अक्षर अक्षर लावून त्यांना वाचता यायचं, पण एक ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरून जायची.

नवरा महिपती काविळीनं गेला तेव्हा मुलगा रविराज शाळेत होता. तीस गुंठे तरकारीत दोघांचं भागेना. त्याच सुमारास शाळेत शिजवलेलं अन्न द्यायचं सुरू झालं आणि गुरुजींनी कुशाबाईंना विचारलं. पहिल्या दिवशी पटावर चौसष्ट पोरं होती. त्यांनी घरून मेथीच्या दोन पेंढ्या नेल्या आणि सरकारी तांदळात टाकल्या. पुढं कायमच काहीतरी घरचं टाकायच्या. टोमॅटो, गाजर, कधी चार वांगी. पोरं रांगेत बसली की वाढताना त्यांना एका नजरेत कळायचं, कोण घरून न खाता आलंय. त्याच्या ताटात डाव आपोआप जास्त पडायचा.

शाळेत मुलं किती, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नसे, कारण रोज त्याच हिशेबानं तांदूळ धुवायचा. चौसष्टाचे पन्नास झाले, पन्नासाचे तीस. मग वस्तीवर पिवळ्या गाड्या यायला लागल्या. बारामतीच्या बाजूला इंग्रजी शाळा निघाल्या होत्या, सकाळी सातला टाय लावलेली पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहायची. माझा मुलगाही त्यात होता. खरं सांगतो, आमची शाळा वाईट आहे म्हणून मी त्याला तिकडं घातला नाही. आमची शाळा कशी आहे हे मी कधी आत जाऊन पाहिलंच नव्हतं. शेजारच्यानं घातला, म्हणून मी घातला.

अनिता मॅडम आल्या तेव्हा पट अठरावर आला होता. वर्षभरात दुसऱ्या शिक्षकांची बदली झाली आणि चारही वर्ग त्यांच्या एकट्यावर आले. बारामतीतून रोज स्कूटीवर यायच्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत. करोनात शाळा बंद असताना त्या वस्तीवर येऊन गोठ्यांच्या पडवीत, झाडाखाली चार-चार पोरं बसवून शिकवायच्या. दोन-तीन वर्षांत असं झालं की तिसरीतलं कुठलंही पोर वर्तमानपत्र घडाघडा वाचायचं आणि काय वाचलं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. कुशाबाई चुलीपुढून उठून दारात उभ्या राहून ऐकायच्या. मला एकदा म्हणाल्या, "दादा, म्याडम शिकवत्यात तवा मला बी कळतंय. मग पोरांला का कळायचं न्हाय?"

त्या पोरांत त्यांची नात प्रगती होती. रविराजची एकुलती एक. रविराज बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत कंत्राटावर, सून सुप्रिया घर आणि तरकारी सांभाळायची. प्रगती तिसरीत गेली तोवर तिचं वाचन असं झालं होतं की वस्तीवरचे म्हातारे तिला बोलावून पेपर वाचून घ्यायचे.

डिसेंबरात तालुक्याचे शिक्षण खात्यातले साहेब अचानक तपासणीला आले. तेव्हा पटावर वस्तीची नऊच पोरं होती, बाकीची ऊसतोडीला आलेल्यांची. साहेबांनी विचारलं, "कोण वाचून दाखवतं?" अनिता मॅडमनी वस्तीवरच्या म्हस्कूच्या पोरीकडं हात केला. ती अभ्यासात मधली होती, ना फार पुढं ना मागं. मॅडमचं म्हणणं असायचं की मधलं पोर कसं वाचतं त्यावरून शाळा कळते. पण दारात उभ्या कुशाबाईंना राहवलं नाही. त्यांनी प्रगतीला डोळ्यांनी खूण केली, ऊठ म्हणून. प्रगती उठली. साहेबांनी हातातला पेपर दिला. तिनं अग्रलेख वाचला, मग त्यात काय म्हटलंय ते सांगितलं, आणि साहेबांनी एक प्रश्न विचारला तर उलट त्यांनाच एक विचारला. साहेब हसले. तिला त्यांनी स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

चौथ्या दिवशी पेपरात फोटो आला. खुर्चीत प्रगती, मागं अनिता मॅडम, आणि अगदी कडेला, अर्ध्या दिसणाऱ्या कुशाबाई. आमची शाळा तालुक्यातल्या चांगल्या शाळांत मोजली गेली. कुशाबाईंनी ते कात्रण दहा घरी दाखवलं. त्यांना वाटलं, आता पोरं परत येतील. तसं त्या बोलूनही दाखवत होत्या, "जूनमदी बघा तुमी, पट वीसच्या वर जातूय."

पोरं आली नाहीत. एप्रिलमध्ये एका इंग्रजी शाळेची माणसं मात्र आली. कात्रण त्यांनीही पाहिलं होतं. पेढे घेऊन रविराजच्या घरी बसली. म्हणाली, अशी मुलगी वस्तीवर ठेवू नका, वाया जाईल. आमच्याकडं द्या, पुढचं आमच्यावर सोडा.

रविराजनं आठ दिवस मनातलं कुणाला काही सांगितलं नाही. मग एका रविवारी आईजवळ वाकळेवर येऊन बसला. हे मला कुशाबाईंनीच नंतर सांगितलं, तेही बऱ्याच महिन्यांनी.

"आये, तू न्हाय म्हण," तो म्हणाला. "तू न्हाय म्हणलीस तर मी न्हाय घालत. तुझी शाळा हाय ती."

"तुला काय वाटतंय?"

"मी त्याच शाळेत शिकलो. वाईट न्हाय शिकलो. पण कंपनीत सायेब इंग्रजीत बोलाया लागला की मी खाली बघतो. मला कळतंय तो काय म्हणतोय, उत्तर देता येत न्हाय. दहा वर्सं झाली, मी खालीच बघतोय. हिनं बघू न्हाय एवढंच."

पोरानं आजवर कुशाबाईंकडं काही मागितलं नव्हतं. आणि त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्यात तेच होतं जे आम्हा सगळ्यांच्या होतं, की चांगलं जे काही असतं ते आपल्या वस्तीबाहेर असतं.

"घाल," त्या म्हणाल्या.

दाखला काढायला त्या स्वतः गेल्या. रविराजची हिंमत झाली नाही, सुप्रियाची तर नाहीच. मॅडम वर्गात कार्डशीट कापत बसल्या होत्या. कुशाबाईंनी सांगितलं तेव्हा त्यांची कात्री थांबली. मग त्यांनी कपाटातून दाखल्याचं पुस्तक काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहायला लागल्या. लिहिताना एक-एक शब्द मोठ्यानं वाचत होत्या, कारण मावशींना धड वाचता येत नाही हे त्यांना माहीत होतं. "प्रगती रविराज. इयत्ता तिसरी उत्तीर्ण. अभ्यास, उत्तम. वर्तणूक, उत्तम." पुढच्या रकान्यापाशी त्या अडखळल्या.

"शाळा सोडण्याचं कारण काय लिहू, मावशी?"

कुशाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मॅडमनी लिहिलं, पालकांची इच्छा. शिक्का मारला आणि कागद फुंकून वाळवला.

"म्याडम, तुमी रागावला का?"

"नाही हो. माझा मुलगा कुठं आहे? तोही तिकडंच आहे की बारामतीत. मी कुणावर रागावू?"

कुशाबाई ते ऐकून जास्तच खचल्या.

प्रगती गेली तशी तिच्या मागोमाग दोन घरांनी पोरं काढली. वस्तीवर बोललं गेलं, मावशीनंच नात काढली म्हणजे आतलं काहीतरी त्यांना ठाऊक असणार. दोन पोरं चौथी पास होऊन गेली. नवं कुणी आलं नाही. जूनमध्ये चार पोरं उरली, दोन तिसरीत, दोन चौथीत.

त्या जूनमध्ये कुशाबाई घरोघर फिरल्या. डोक्यावर पदर, हातात ते कात्रण. पाच-सहा वर्षांचं लेकरू असलेलं एकही घर सोडलं नाही. माझ्याकडं आल्या तेव्हा माझी धाकटी मुलगी मोना पहिलीत जाणार होती. मी ओट्यावर ठिबकच्या नळ्या गुंडाळत होतो.

"दादा, मोनाला हितं घाला," त्या म्हणाल्या. "एक वर्स बघा. न्हाय जमलं तर काढा. म्याडमसारखी बाई तुमाला पैसं टाकून मिळायची न्हाय."

मला त्यांचं म्हणणं पटत होतं. पण पटलं की काहीतरी करावं लागतं. मी म्हणालो, "मावशी, तुमची स्वतःची नात तिथं नाही. आमचीच कशाला?"

बायकोनं चहा आणला होता. त्यांनी दोन घोट घेतले, कपबशी खाली ठेवली. "बरोबर हाय तुमचं," म्हणाल्या आणि उठल्या. मी पुन्हा नळ्या गुंडाळायला लागलो. त्या दारातून बाहेर पडताना मागं वळतील असं मला वाटलं होतं. वळल्या नाहीत.

शाळेत किती मुलं, हे सरकार तीस सप्टेंबरला मोजतं. पुढचा शिक्षक, पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं. आमच्याकडं कारखान्याची ऊसतोड सुरू होते दिवाळीच्या पुढं-मागं, आणि तोडणीवाल्यांची कुटुंबं येतात तेव्हाच. दरवर्षी हिवाळ्यात त्यांची पंधरा-वीस पोरं शाळेत यायची. अनिता मॅडम स्वतः त्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर, जाऊन त्यांना घेऊन यायच्या. चार महिने दोन्ही खोल्या भरून जायच्या, मग कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की सगळी परत बीडकडं. सरकारच्या मोजणीत ती नव्हती.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुशाबाईंनी मॅडमना विचारलं, "तोडणीवाल्यांची नावं आत्ताच घातली तर? यायचीच हायत ती पुढच्या महिन्यात."

"मावशी, ती पोरं आज तिकडच्या शाळेच्या पटावर आहेत. मी इथं लिहिली तर ते खोटं होईल."

"मी आडाणी हाय म्हणून इचारलं."

"मीही मनात विचारलं होतं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी आकडा लिहिला, चार.

तिकडं प्रगतीचं काही बरं चाललं नव्हतं. नव्या शाळेत तिची तोंडी परीक्षा घेतली आणि इंग्रजी येत नाही म्हणून पुन्हा तिसरीतच बसवली. पहिले काही दिवस ती घरी येऊन सांगायची. मग सांगणं कमी झालं. सकाळी गाडीत बसायची, संध्याकाळी उतरायची, दप्तर ठेवून गोठ्याकडं जायची. सुप्रियानं विचारलं तर "काय न्हाय" म्हणायची. म्हातारे पेपर घेऊन बसलेले असले तर लांबून निघून जायची.

जानेवारीत एका संध्याकाळी सुप्रिया आणि कुशाबाई माझ्याकडं आल्या. त्या जूननंतर कुशाबाई माझ्या ओट्यावर पहिल्यांदाच चढत होत्या. सुप्रियाच्या हातात प्रगतीची शाळेची डायरी होती. वर्गाच्या बाईंनी काहीतरी लिहिलं होतं, इंग्रजीत, सुप्रियाला अर्धं लागत होतं. रविराज दुसऱ्या पाळीला होता.

मी चष्मा लावून वाचलं. चार ओळी होत्या.

"काय लिवलंय?" कुशाबाई म्हणाल्या.

"लिहिलंय की वर्गात बोलत नाही. विचारलं तर उत्तर देत नाही."

"आन्?"

"आणि वाचनात फार कच्ची आहे. घरी तिच्याकडून वाचून घ्या, असं लिहिलंय."

कुशाबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग सुप्रियाकडं बघितलं.

"कुणाचं लिवलंय हे?"

"प्रगतीचं," सुप्रिया म्हणाली.

"न्हाय, दुसऱ्या कुणाची वही आली आसंल. नाव बघा तुमी."

मी पहिलं पान उघडून नाव वाचून दाखवलं. त्यांनी माझ्या हातातून डायरी घेतली, स्वतः बोट ठेवलं, पण नाव इंग्रजीत होतं. बोट तसंच राहिलं. "वाचनात कच्ची," त्या हळू म्हणाल्या, जसं एखादं परकं नाव उच्चारून बघावं. आमच्या ओट्यावर आम्ही तिघं होतो आणि तिघांनाही ती पोरगी खुर्चीत बसून वाचत असलेली दिसत होती. सुप्रिया पदर तोंडाला लावून रडायला लागली. कुशाबाई रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी उठीवली तिला. म्याडम दुसऱ्या पोरीला उठवत व्हत्या. मी खूण केली नसती तर कुणी बघितलं बी नसतं हिला."

मला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "तसं काही नसतं मावशी." त्यांनी ऐकलं नाही.

त्या दिवसापासून त्या रविराजच्या मागं लागल्या. परत आण, इथं घाल, चौथी इथं होऊ दे. रविराज आधी चिडला. एका वर्षात कुठं कळतं, म्हणाला. मग एका शनिवारी तो प्रगतीच्या शाळेच्या पालकसभेला गेला, तिथं बाईंशी बोलताना त्याला स्वतःलाच खाली बघावं लागलं, आणि शेजारी उभी राहून प्रगतीही खाली बघत होती. तो घरी आला आणि म्हणाला, "आये, घालू परत जूनमदी."

कुशाबाईंचा मे महिना त्या आशेवर गेला. पण त्या महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. चौथीतली दोन पोरं पास होऊन गेली होती. राहिलेल्या दोन पोरांच्या घरच्यांनी विचार केला की दोनच पोरांची शाळा कसली, आणि त्यांनी दाखले काढून नेले. नव्यानं कुणीच आलं नव्हतं. माझी मोना पिवळ्या गाडीनं जात होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कुशाबाई आणि प्रगती शाळेत गेल्या. प्रगतीनं जुना निळा-पांढरा गणवेश घातला होता, आखूड झालेला. अनिता मॅडम कपाटातली पुस्तकं पोत्यात भरत होत्या.

"म्याडम, हिला घ्या. चौथीत."

मॅडम खालीच बसल्या. प्रगतीला त्यांनी जवळ ओढून घेतलं आणि बराच वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

"मावशी, पट शून्य म्हणून मी मागच्याच आठवड्यात वर कळवलं. माझी बदलीची ऑर्डरही आली. मला पुरंदरकडं दिलंय."

"आता एक हाय की. शून्य कुठं ऱ्हायला?"

"एकीसाठी नाही चालवणार. मी विचारून बघते." त्यांनी तिथूनच फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्यपणे बोलत होता, हे फोनबाहेर ऐकू येत होतं. केंद्रशाळेत प्रवेश घ्या म्हणत होता. केंद्रशाळा साडेतीन किलोमीटर, मध्ये हायवे, आणि जायला गाडी नाही. मॅडमनी फोन ठेवला. प्रगती म्हणाली, "आजे, चल घरी." एवढंच ती तिथं बोलली.

दुसऱ्या आठवड्यात केंद्रशाळेचा टेम्पो आला. पातेली, डाव, ताटं, शेगडी, उरलेला दीड पोतं तांदूळ. यादी करून सगळं मोजून दिलं. कुशाबाईंनी ताटं घासून, पालथी घालून, वाळवून ठेवली होती. टेम्पोवाला म्हणाला, एवढी कशाला घासत बसला, तिथं परत घासायचीच आहेत. त्यांनी यादीखाली सही केली. अनिता मॅडमनी स्कूटी सुरू केली, बंद केली, उतरून त्यांच्या पाया पडल्या आणि पुन्हा सुरू केली.

प्रगती अजून त्याच इंग्रजी शाळेत आहे. आता चौथीत. मार्क थोडे वाढलेत म्हणतात. वस्तीवर ती मराठी फारसं बोलत नाही, इंग्रजी तिला अजून येत नाही.

कुशाबाई डाळिंबाच्या शेडवर जातात, फळं निवडायला. शेडची गाडी सकाळी फाट्यावर येते. मी एकदा मुद्दाम तिथं जाऊन उभा राहिलो. मला त्या जूनच्या दिवसाबद्दल बोलायचं होतं. म्हणालो, "मावशी, मी तेव्हा जे बोललो..."

"त्येचं काय," त्या म्हणाल्या. "तुमी तोंडावर बोलला. बाकीच्यांनी मी गेल्यावर बोलून घेतलं." आणि गाडी आली.

यंदा दिवाळीनंतर तोडणीवाले आले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यातली एक बाई दोन पोरं घेऊन शाळेच्या गेटाशी उभी होती. कुलूप बघून ती कुशाबाईंच्या घरी आली, कारण गेली दोन वर्षं पोरांना जेवू घालणारी बाई तिच्या ओळखीची होती. कुशाबाईंनी तिला सांगितलं की शाळा बंद झाली, आता हायवेपलीकडं जावं लागतं. ती म्हणाली, "तिकडं कोण सोडणार? आमी अंधारात उसाच्या फडावर जातो." कुशाबाईंनी पोरांना भाकरी आणि पिठलं दिलं. पोरं ओट्यावर बसून जेवली. मग ती बाई त्यांना घेऊन फडाकडं गेली. थोरल्या पोरीच्या डोक्यावर पाण्याची घागर होती, आणि कुशाबाईंना त्या दिवशी शेडवर जायला उशीर झाला, म्हणून अर्ध्या दिवसाचा खाडा पडला.